बदकाचे पाय आणि ‘म्हणून’ हा शब्द

(प्राथमिक शिक्षक व बालवाडी-सेविका यांच्या मेळाव्यात अनुवादिकेने दिलेले व्याख्यान)



पाणपक्ष्यांवरील या पुस्तकाच्या निमित्ताने आपण मला येथे बोलावलेत, तेव्हा प्रथम माझ्या मनात संकोचच उत्पन्न झाला. मी पक्षितज्ज्ञ नव्हे. मराठी विषय घेऊन एम. ए. झाले आणि पुढे अनुवादाच्या कामात पडले. बदकांच्या जाती मी ओळखू लागले त्या या पुस्तकामुळेच, आणि अजूनही दूरच्या पाण्यावर बसलेला थवा पाहून ठामपणे काही सांगण्याचे धाडस मला होत नाही. तेव्हा पक्ष्यांविषयी आपल्याला नवे ज्ञान देण्याचा आव मी आणणार नाही. मला बोलायचे आहे ते एका वाक्याविषयी. ते वाक्य माझ्या हस्तलिखितात होते, मला ते निर्दोष वाटत होते, आणि सात वर्षांच्या एका मुलीने ते एका प्रश्नात मोडून टाकले.

पुस्तक मूळ हिंदीत आहे. त्यातील पाठ लेखकाने प्रथम झाशी जिल्ह्यातील गरौठा तहसिलीत, तेथल्या मुलांना तळ्याकाठी नेऊन सांगून पाहिले होते. अनुवाद निम्मा झाल्यावर मला वाटू लागले की, ती तळी आणि ती मुले पाहिल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. त्या हिवाळ्यात मी गरौठ्याला गेले. बेतवा आणि धसान या दोन नद्यांच्या दरम्यानचा हा मुलूख. झाशी म्हटली की मराठी माणसाला राणी लक्ष्मीबाई आठवतात. परंतु याच तहसिलीत गुरसराय येथे एका दक्षिणी ब्राह्मण घराण्याची जहागीर होती, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. मलाही नव्हते. असो, तो आजचा विषय नव्हे. बुंदेलखंडातला पाऊस लहरी आणि जमीन पुष्कळ ठिकाणी खडकाळ, त्यामुळे बांध घालून पाणी अडवण्याची रीत तेथे चंदेल राजांच्या काळापासून चालत आलेली आहे. अशा तळ्यांत शिंगाड्याचे वेल पसरलेले असतात, आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या पाण्यात हिवाळी बदके उतरतात. काठावर शेळ्या राखणारी मुले असतात. शाळेचा वर्ग तळ्याशी गेला तेव्हा ही मुलेही शेळ्यांसकट वर्गात सामील झाली, आणि खरे सांगायचे तर सर्वांत चांगले प्रश्न त्यांचेच होते.

गुरुजींनी पाठातले वाक्य वाचले. त्याचा माझा मराठी अनुवाद असा होता : ‘बदकाला पोहता यावे म्हणून त्याच्या पायांच्या बोटांमध्ये पडदे असतात.’ आपण सर्वांनी हे वाक्य कोणत्या ना कोणत्या रूपात शिकवलेले आहे. शेळ्यांच्या मागे उभी असलेली एक मुलगी म्हणाली, “बहनजी, मग आमची कोंबडी रोज तळ्यात सोडली तर तिलाही पडदे येतील का?” मुले हसली. गुरुजी हसले. मीही हसले. पण रात्री मुक्कामी आल्यावर मला जाणवले की, चूक त्या मुलीची नव्हती. वाक्यातून जो अर्थ निघत होता तोच तिने अत्यंत तर्कशुद्ध रीतीने पुढे नेला होता. पोहता यावे ‘म्हणून’ जर पडदे येत असतील, तर ज्याला पोहावे लागेल त्याला ते आले पाहिजेत.

तिला ठाऊक नव्हते, पण ती एका थोर माणसाच्या पंक्तीला बसली होती. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क यांनी १८०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नेमके हेच उदाहरण घेतले आहे. अन्नासाठी पाण्याकडे ओढला गेलेला पक्षी पाणी मारताना बोटे फाकवतो, बोटांच्या मुळाशी असलेली कातडी वारंवार ताणली जाते, आणि पिढ्यान्पिढ्या हे चालू राहून बदकाचा पडदा तयार होतो, असे त्यांचे म्हणणे. ते आज कोणी मानत नाही. सवयीने ताणलेली कातडी पिलांच्या वाट्याला येत नाही. नाहीतर कुंभाराच्या मुलाचे हात जन्मतःच चाकावर बसले असते. पन्नास वर्षांनंतर, १८५९ साली, डार्विनने दुसरे स्पष्टीकरण पुढे ठेवले. एकाच विणीची पिले सर्वस्वी सारखी नसतात. ज्यांची जन्मजात घडण त्या ठिकाणी उपयोगी पडते त्यांतली अधिक जगतात व त्यांना पिले होतात. ती घडण पुढच्या पिढीत उतरते. येथे कोणाला काही ‘यावे म्हणून’ काही येत नाही.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे व्याकरणाकडे वळते. ‘म्हणून’ हे उभयान्वयी अव्यय आपल्या शालेय व्याकरणात एकाच घरात राहत नाही. ‘पाऊस पडला म्हणून ओढ्याला पूर आला’ यात ते परिणामबोधक आहे. ‘नोकरी मिळावी म्हणून तो शहरात गेला’ यात उद्देशबोधक आहे. स्वरूपबोधकांतही त्याचे नाव सापडते. आपण मोठी माणसे प्रसंग पाहून अर्थ उचलतो. मूल मात्र दोन्ही अर्थ एकत्रच घेते, आणि बदकाच्या वाक्यात उद्देश कोणाचा, हे वाक्य सांगत नाही. बदकाचा? देवाचा? तळ्याचा? हिंदीतील ‘के लिए’ची हीच गत आहे, त्यामुळे मूळ लेखकाला दोष देऊन मला मोकळे होता येईना.

गरौठ्याहून परतल्यावर मी सारे हस्तलिखित पुन्हा वाचले. चिखलातून अन्न गाळता यावे म्हणून चोच चपटी. भिजू नये म्हणून पिसांना तेल. बुडता यावे म्हणून पाय मागे. पानोपानी हीच रचना! प्रत्येक अवयवापाशी कोणी तरी एक कारागीर उभा आहे आणि मागणीप्रमाणे वस्तू घडवून देत आहे, असे चित्र त्या पानांतून उभे राहत होते. मी एक लहानसा उपाय केला. वाक्याचे तोंड फिरवले. ‘बदकाच्या बोटांमध्ये पडदे असतात, त्यामुळे त्याला पाय मागे नेताना पुष्कळ पाणी ढकलता येते.’ आधी जे आहे ते, मग त्यामुळे काय करता येते ते. एवढ्याने उत्क्रांती शिकवली जात नाही, हे मी जाणते. पण खोटेही शिकवले जात नाही, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी लिहिणाऱ्याने इतके तरी पथ्य पाळावे.

यावर एका अनुभवी शिक्षिकेने मला आक्षेप घेतला, तो येथे सांगितला पाहिजे. त्या म्हणाल्या, “लहान मूल असाच विचार करते. डोंगर कशासाठी, तर चढण्यासाठी. पाऊस कशासाठी, तर शेतासाठी. तुम्ही एका अव्ययाने ते बदलणार आहात का?” त्यांचे म्हणणे खरे आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ प्याजे यांनी मुलांशी बोलून हेच टिपले होते की, बालमनाला सारी सृष्टी कोणी तरी कशासाठी तरी केलेली वाटते. मूल तसे म्हणणारच, त्याला म्हणू द्यावे. फक्त छापील पुस्तकाने त्याखाली आपली सही करू नये. मोठेपणी हेच मूल विज्ञानाच्या वर्गात बसेल, तेव्हा पहिलीतले वाक्य त्याच्या वाटेत आडवे येईल.

मग लहान मुलांना सांगावे काय? माझा अनुभव असा की, ‘का’ सांगण्याची आपण फार घाई करतो. गरौठ्याच्या तळ्यावर ‘का’ हा शब्द न उच्चारता दोन तास गेले, आणि ते मोलाचे गेले. मुलांना नुसते पाय पाहायला सांगितले. बदकाला पडदे. वारकरी पक्षी बदकांच्या मध्ये मिसळून पोहतो, परंतु त्याच्या बोटांना सलग पडदा नाही, प्रत्येक बोटाला कातडीच्या निरनिराळ्या झालरी आहेत. टिबुकलीच्याही बोटांना तशाच रुंद कडा. कमळपक्षी पोहण्याऐवजी शिंगाड्याच्या आणि कमळाच्या पानांवरून चालत जातो; त्याची बोटे व नखे इतकी लांब की अंगाचा भार पुष्कळ पानांवर वाटला जातो. आणि पाणकोंबडी! तिला पडदे नाहीत, झालरी नाहीत, तरी ती खुशाल पोहते. ‘पोहता यावे म्हणून पडदे’ या सिद्धांताची याहून सोपी परीक्षा कोणती असणार? डार्विननेही आपल्या ग्रंथात हीच गंमत नोंदवली आहे. माळावर चरणारे काही हंस क्वचितच पाण्याकडे फिरकतात, पण त्यांच्या पायांना पडदे आहेत. उलट वारकरी आणि टिबुकली यांचे आयुष्य पाण्यात जाते आणि त्यांच्या बोटांना केवळ किनार आहे.

याच संदर्भात एक कबुली. पुस्तकासाठी काढलेल्या एका चित्रात वारकऱ्याला बदकासारखे पडद्यांचे पाय काढलेले होते. ते चित्र आम्हा मोठ्यांपैकी कितीतरी जणांच्या नजरेखालून गेले होते. शिंगाडे काढणाऱ्या एका घरातला मुलगा ते पाहून म्हणाला, “हे याचे पाय नव्हेत.” त्याने काठीने चिखलात बोट काढून दाखवले, झालरीसकट. चित्र बदलले. दुसऱ्या एका पानावर पिवळेधमक पिलू आणि पांढरे शुभ्र बदक होते. ते तेथे कोणी ओळखले नाही. त्यांच्या तळ्यावरचे बदक करड्या-तपकिरी रंगाचे. पुस्तकातले बदक शहरात राहते, असा त्यांचा समज झाला असावा.

या बाबतीत आपल्या भाषेची श्रीमंती मात्र वाखाणण्याजोगी आहे. आपल्या पक्षिनामांत अर्धा पाठ आधीच दडलेला असतो. ‘वारकरी’ म्हणताच कपाळावरचा पांढरा टिळा डोळ्यांपुढे येतो. ‘हळदीकुंकू’ बदकाच्या काळ्या चोचीचे टोक पिवळे आणि मुळाशी तांबडे ठिपके. ‘थापट्या’ची चोच थापीसारखी रुंद व चपटी. मूल नाव ऐकते आणि पक्ष्याच्या अंगावर ते कोठे लिहिले आहे हे शोधू लागते. मी मूळ हिंदी नावांचे शब्दशः भाषांतर करण्याचा मोह सोडून ही रुळलेली नावे घेतली. शास्त्रीय परिभाषेची गोष्ट निराळी. ‘अनुकूलन’ हा शब्द कोशात योग्य आहे, पण पहिलीच्या मुलाला तो गिळता येत नाही. या पुस्तकात तो केवळ शिक्षकांसाठी लिहिलेल्या टिपांत ठेवला आहे. ‘जालपाद’ हा पडद्याच्या पायांच्या पक्ष्यांसाठीचा शब्द तर मनुस्मृतीइतका जुना आहे. तोही मला फार आवडला, आणि तोही मी वगळला. ‘पडदा’ म्हटल्यावर एका मुलाने ‘खिडकीचा?’ असे विचारले, तरी तोच ठेवला, कारण तळहातावर बोटे फाकवून दाखवले की काम भागते.

हात बादलीत घालून पाणी ढकलून पाहावे. मग तोच हात पिशवीत घालून पुन्हा ढकलावे. फरक मुलांच्या खांद्याला कळतो. बोटे मिटून हात पुढे आणला की पाणी अडत नाही, हेही त्यातच कळते. बदक पाय पुढे घेताना पडदा मिटूनच घेते. थापट्याच्या चोचीसाठी चहाची गाळणी पुरते. त्याच्या चोचीच्या कडांना फणीच्या दातांसारखी बारीक पाती असतात. पाणी बाहेर जाते आणि बारीकसे अन्न आत राहते. येथे कोणी तरी हंसाच्या नीरक्षीरविवेकाची आठवण काढणारच. काढू द्यावी. दुधातून पाणी निराळे होत नाही, पण पाण्यातून दाणे निराळे होतात, एवढा फरक गाळणीनेच दाखवता येतो. पिसाचे काम त्याहून नाजूक आहे. पाळीव बदकाचे गळलेले पीस घ्यावे, रानपक्ष्यांची पिसे गोळा करायला मुलांना शिकवू नये. पिसाचे धागे बोटाने फाकवावे आणि पुन्हा खालून वर सारखे करावे. ते एकमेकांत अडकून पूर्ववत होतात, कारण त्यांना सूक्ष्म आकडे असतात. पाण्याचा थेंब त्यावरून घरंगळतो. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतील तेल बदक चोचीने पिसांना लावते, हे आपण नेहमी सांगतो, पण पाणी अडवण्यात पिसांच्या या घट्ट विणीचा वाटा मोठा आहे, ते सांगायचे राहून जाते. तेलाने पीस मऊ व टिकाऊ राहते. पाणकावळ्याची बाहेरची पिसे मात्र भिजतात. तो पंख पसरून उन्हात उभा राहतो तो त्यासाठी… पाहा, ‘साठी’ माझ्याही तोंडून गेलेच! पण येथे ते चालेल. पक्षी पंख पसरतो ही त्याची कृती आहे, तिला हेतू असू शकतो. पीस भिजते ही त्याच्या पिसाची घडण आहे, तिला हेतू नाही. हा भेद ज्या दिवशी मला स्वतःला नीट कळला, त्या दिवशी उरलेला अनुवाद सोपा झाला.

जानेवारीतील थंडीत एका मुलाने विचारले की, पाण्यात उभ्या राहणाऱ्या बदकाचे पाय गारठत नाहीत का. हे उत्तर मूळ पुस्तकात नव्हते. लेखकाच्या संमतीने ते मराठीत घातले आहे. पायांकडे जाणारे उबदार रक्त आणि पायांकडून परत येणारे गार रक्त अगदी शेजारच्या वाहिन्यांतून वाहते. जाणारे आपली ऊब परतणाऱ्याला वाटेतच देऊन टाकते. पाय थंडच राहतात, पण शरीराची ऊब पाण्यात वाया जात नाही. त्या मुलाने स्वतःच्या पायांकडे पाहिले, ते अनवाणी होते.

हे सारे शिकवायला बाग, प्रयोगशाळा, सहल यांची वाट पाहू नये, हे आपल्याकडे पूर्वीच करून दाखवलेले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ साली सुरू केलेले बालशिक्षणाचे काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेथे आदिवासी मुलांसाठी परिसरातल्याच वस्तूंनी शिक्षणसाधने बनली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळेनेच कुरणावर जावे, यातून त्यांची कुरणशाळा उभी राहिली. गरौठ्याच्या तळ्याकाठी शेळ्यांच्या गर्दीत उभी असताना मला त्याचीच आठवण झाली. आपल्याकडे तर पाणी आणि पक्षी यांची वाण नाही. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळचे नांदूर-मध्यमेश्वर २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ झाले. उजनीच्या फुगवट्यावरचे भिगवण आहे, पैठणचा जलाशय आहे, भंडारा-गोंदियातील जुनी मालगुजारी तळी आहेत. आणि यांपैकी काहीच जवळ नसेल, तर गावच्या पाझर तलावावर एखादी टिबुकली असतेच.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. त्या दिवशी ते मला देता आले नव्हते. परतण्यापूर्वी मी पुन्हा तळ्यावर गेले. खेड्यातली एक जुनी रीत मी तिला सांगितली. बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवतात. पिले निघतात, आईच्या मागून चालतात, आणि पाणी दिसताच सरळ आत शिरतात. कोंबडी काठावर जिवाच्या आकांताने ओरडत धावते. त्या पिलांना कोंबडीने वाढवले, पोहायला कोणी शिकवले नाही, आणि पडदे तर ती अंड्यातून घेऊनच आली होती. तसेच कोंबडीची पिले तळ्याकाठी वाढवली तरी त्यांचे पाय कोंबडीचेच राहतील. तिने ऐकून घेतले. मग मी तिला आणखी एक गोष्ट सांगितली, जी या कामात मीही नव्यानेच शिकले होते. अंड्यात वाढत असताना काही दिवस कोंबडीच्या पिलाच्याही बोटांमध्ये कातडी असते. पुढे तिच्यातल्या पेशी मरून जातात आणि बोटे सुटी होतात. बदकाच्या पिलात ती कातडी टिकून राहते. आपलीही बोटे आईच्या पोटात अशीच आधी जोडलेली असतात आणि मग सुटी होतात.

तिने आपला हात उन्हात धरला आणि बोटांच्या बेचक्यांत उरलेली कातडी दुसऱ्या हाताने ओढून पाहिली. मग म्हणाली, “कितव्या दिवशी अंडे फोडले तर कोंबडीचे पडदे दिसतील?”

तिच्या आजीने शेळ्यांपलीकडून तिला नावाने हाक मारली आणि अंड्यांना हात लावायचा नाही, असे बजावले.